स्कॉटलंड्सपीपल वेबसाइट: विहीणबाईंचे सुतार खापरपणजोबा बडोद्यात बसून कसे सापडले

आधी थेट सांगते, स्कॉटलंडमधला पूर्वज शोधायचा असेल, तोही कुणी सरदार-जमीनदार नाही तर हातात हत्यार घेऊन पोट भरणारा साधा कारागीर, तर स्कॉटलंड्सपीपल या वेबसाइटवरच जा. ही नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडची म्हणजे तिथल्या सरकारी दप्तरखात्याची स्वतःची साइट आहे. मी गेल्या चार महिन्यांत तिथे तीनदा मिळून साडेबावीस पौंड भरले, आपले अडीच हजाराच्या आसपास, आणि त्यात एका माणसाचा बाप्तिस्म्यापासून मृत्यूपर्यंत माग लागला, वर त्याच्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा. पाचपैकी पाच. खाली जरा सविस्तर लिहितेय कारण मराठीत यावर मला काहीच सापडलं नव्हतं आणि आता आपल्या कितीतरी मुली-मुलगे तिकडे लग्न करून राहिलेत, कुणाला तरी उपयोग होईल.

माझी लेक ग्लासगोला असते, जावई तिथलाच, आणि नातू आता नऊ वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहून आले तेव्हा विहीणबाईंनी एक दिवस जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक लाकडी रंधा ठेवलेला. चांगला हातभर लांब, लाकूड हात लागून लागून काळपट तुकतुकीत झालेलं, पातं गंजलेलं, आणि पुढच्या टोकाला लाकडातच ठोकून उठवलेली दोन नावं. एक ठळक, त्यांच्या घराण्याचं आडनाव आणि आधी एक अक्षर. त्याच्या खाली दुसरं, झिजलेलं, तिसऱ्याच कुणाचं तरी. मी विचारलं हे कुणाचं, तर म्हणाल्या, घरात सांगतात की आमचे एक पूर्वज कारपेंटर होते, पेझली गावात, याच्यापुढे मला काही माहीत नाही. तिथेच नातू म्हणाला, आजी, तुझ्याकडे तर जाड पुस्तक आहे ना सगळ्यांच्या नावांचं, मग बाबाच्या बाजूचं का नाही? जाड पुस्तक म्हणजे आमच्या सासरचा कुलवृत्तांत. त्याला मी म्हटलं, थांब, बघते मी. बँकेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, दुपारचा वेळ असतो, आणि जुन्या लेजरमध्ये चूक शोधायची सवय आयुष्यभराची.

बडोद्याला परत आल्यावर सुरुवातीला मी चुकीच्या ठिकाणी गेले. एक मोठी परदेशी वंशावळीची साइट आहे, नाव लिहीत नाही, १४ दिवस फुकट म्हणून कार्डाचा नंबर घेतला आणि पंधराव्या दिवशी सहा महिन्यांचे पैसे कापले. त्याहून वाईट म्हणजे तिथे लोकांनी बनवलेली तयार झाडं असतात, त्यात आमच्या या आडनावाचा पेझलीचा एक माणूस सतरा जणांनी एकमेकांचं बघून आपला पूर्वज म्हणून लावलेला, एकानेही मूळ कागद जोडलेला नाही, आणि त्याच्या आईचं वय त्याच्या जन्माच्या वेळी ९ वर्षं येत होतं. मी ते झाड कौतुकाने लेकीला पाठवलंसुद्धा होतं. मग तिला फोन करून सांगितलं, ते डिलीट कर, मी नीट करते.

स्कॉटलंड्सपीपलचं वेगळेपण असं की तिथे झाडबिड काही तयार मिळत नाही, मूळ रजिस्टरच्या पानाचा फोटो मिळतो. शाईचा, डागांचा, कारकुनाच्या अक्षरासकट. अकाउंट उघडणं आणि शोधणं फुकट, नाव, साल, गाव टाकलं की किती नोंदी आहेत त्याची यादी दिसते, पान उघडायचं तर क्रेडिट लागतात. मी घेतली तेव्हा ३० क्रेडिटला साडेसात पौंड, त्याहून कमी मिळत नाहीत. जन्म, लग्न, मृत्यू, जनगणना, प्रत्येक पानाला ६ क्रेडिट, घरपट्टीच्या रजिस्टरला, ज्याला ते व्हॅल्युएशन रोल म्हणतात, २ क्रेडिट. क्रेडिट दोन वर्षं चालतात आणि एकदा विकत घेतलेलं पान तुमच्या अकाउंटमध्ये राहतं, पुन्हा पैसे नाहीत, डाउनलोडही करता येतं. आपलं डेबिट कार्ड चालतं, फक्त आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे आणि काम झालं की परत बंद करायचे, हे एक बँकवाली म्हणून आवर्जून सांगते.

दुसरी गोष्ट आधीच माहीत हवी. घरी बसून अलीकडची पानं दिसत नाहीत. जन्माची १०० वर्षांपूर्वीची, लग्नाची ७५, मृत्यूची ५० वर्षांपूर्वीची, एवढीच ऑनलाइन उघडतात. मला हे योग्यच वाटतं, जिवंत माणसांची माहिती कशाला कुणाला. म्हणून सुरुवात करायची ती घरातल्या आठवणींवरून, निदान एक माणूस असा हवा ज्याचं नाव आणि मृत्यूचं साल घरात पक्कं माहीत आहे. विहीणबाईंचे आजोबा १९५६ ला गेले, त्यांचा जन्म व्हायच्या आधीच, पण साल घरात माहीत होतं. तिथून मी धागा धरला.

आणि इथे स्कॉटलंडच्या कागदांची खरी किंमत कळली. १ जानेवारी १८५५ पासून तिथे प्रत्येक जन्म, लग्न, मृत्यू सरकारात नोंदवणं सक्तीचं झालं, आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर मेलेल्या माणसाच्या बापाचं नाव, बापाचा धंदा, आईचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव असं सगळं असतं. लग्नाच्या नोंदीवर तर दोन्हीकडच्या आईबापांची नावं आणि दोन्ही बापांचे धंदे. म्हणजे एक पान उघडलं की मागची एक पिढी आपोआप हातात. १९५६ च्या पानावरून कळलं की आजोबांचे वडील पॅटर्नमेकर. आजोबांच्या १८९३ च्या जन्माच्या पानावर आईबापांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण मिळालं, कारण तिथल्या जन्मनोंदीत तेही लिहितात. त्यावरून १८८४ चं लग्न, तिथेही नवरा मुलगा पॅटर्नमेकर, त्याचा बाप जॉइनर म्हणजे सुतार, आणि मुलीचा बाप शाल विणणारा.

पॅटर्नमेकरवर मी आठवडाभर अडकले. पेझली हे तेच गाव ज्याच्या नावाने आपली कोयरी जगात ओळखली जाते. काश्मिरी शालींवरची ही नक्षी एकोणिसाव्या शतकात तिथले विणकर इतक्या मोठ्या प्रमाणावर विणायचे की इंग्रजीत त्या नक्षीचं नावच पेझली पडलं. माझ्या आजीच्या शालूच्या पदरावर कोयऱ्या आहेत, तो शालू अजून माझ्या कपाटात मलमलच्या कापडात बांधून ठेवलेला आहे, त्यामुळे मला वाटलं पॅटर्नमेकर म्हणजे नक्षी काढणारा, आणि मी खूश. मग सुताराचा मुलगा नक्षीकार कसा झाला म्हणून शोधत बसले. एका रात्री जेवताना बोलले तेव्हा आमचे हे म्हणाले, अगं, फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणजे सुतारच असतो, लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना बनवावा लागतो, त्यावरून वाळूत साचा करतात, मकरपुरा जीआयडीसीत आमच्याकडे दोघं होते, सगळ्यांत जास्त पगार त्यांचा. तीस वर्षं हे कारखान्यात होते म्हणून एका वाक्यात सुटलं. पेझलीत तेव्हा इंजिनिअरिंगचे कारखाने होते, सुती दोऱ्याच्या प्रचंड गिरण्या होत्या, कोट्स आणि क्लार्क या दोन घराण्यांच्या (भरतकामाचा अँकर दोरा आपण वापरतो तो याच गावच्या घराण्याचा, माझ्या शिवणाच्या डब्यात आत्तासुद्धा दहा लड्या असतील), त्यामुळे सुताराच्या मुलाने फाउंड्रीची वाट धरली यात नवल काहीच नाही. धंदा बदलला नव्हता, लाकूड तेच, गिऱ्हाईक बदललं होतं.

यावरून जे शिकले तेच या सगळ्या लिहिण्याचं मुख्य कारण आहे. कारागीर शोधायचा तर त्याच्या धंद्याचे शब्द आधी शिका, नाव नंतर. नावं तिथे फार कमी आहेत, जॉन, जेम्स, विल्यम, रॉबर्ट यांच्यातच सगळं गाव, आणि आडनावंही तीच तीच, आपल्याकडे एका पेठेत पाच गणेश कुलकर्णी असावेत तसं. वेगळा ओळखू येतो तो धंद्याने आणि बायकोच्या माहेरच्या आडनावाने. पण धंद्याचा शब्द दर दहा वर्षांनी वेगळा. घरात कारपेंटर म्हणायचे म्हणून मी कागदात कारपेंटर शोधत होते आणि तो कुठेच नव्हता. स्कॉटलंडात सुताराला जुना शब्द राइट. मग तो जॉइनर झाला, कुठे हाउस कारपेंटर, कुठे कॅबिनेटमेकर, माणूस तोच. त्यात पुढे अप्रेंटिस लागलं तर उमेदवारी चालू आहे, जर्नीमन लागलं तर शिकून तयार पण दुसऱ्याकडे मजुरीने, मास्टर लागलं तर स्वतःचं दुकान. शब्दापुढचा हा शब्द वाचला की माणूस आयुष्यात कुठे पोचलाय ते कळतं.

बाकीचे शब्दही लिहून ठेवते, कुणाला लागतील. फ्लेशर म्हणजे खाटीक, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारा, लिट्स्टर म्हणजे रंगारी, वेबस्टर म्हणजे विणकर, कॉर्डिनर म्हणजे चामड्याचे जोडे बनवणारा, हॅमरमन म्हणजे लोहार आणि एकूणच धातूचं काम करणारे. आणि एक शब्द मराठी माणसाला हमखास फसवतो, सूटर. मी एका यादीत वाचला आणि हे तर सुतारच म्हणून वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. तर सूटर म्हणजे चांभार, शिवणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. आपला सुतार सूत्रावरून, म्हणजे मापाच्या दोरीवरून आलेला. दोन्हीकडे त्याची आडनावंही झालीयत, तिकडे सूटर आडनावाची माणसं भरपूर आहेत, इकडे सुतार.

आता पुढचा माग. १८८४ च्या लग्नावरून नवऱ्या मुलाचा जन्म १८५८ चा निघाला. त्या नावाची त्या साली पेझलीत दोन मुलं. पहिलं पान उघडलं तर बाप गाडीवान, ६ क्रेडिट गेली. शोधताना धंदा टाकायला रकाना नसतो, धंदा पानावरच दिसतो, हे धरूनच चालायचं. दुसरं उघडलं, बाप जॉइनर, आईचं माहेरचं आडनाव जुळलं. पण त्यावर आईबापांच्या लग्नाची तारीख नव्हती! मला वाटलं पान अर्धवट आहे. तसं नाही, १८५६ ते १८६० या पाच वर्षांत जन्मनोंदीत तो रकानाच नव्हता, १८६१ पासून परत आला. मग जनगणना उघडली, १८६१ आणि १८७१ ची. तिथे अख्खं घर एका ओळीखाली एक, नाव, नातं, वय, धंदा, जन्माचं गाव. १८६१ ला आणखी एक रकाना, खिडकी असलेल्या खोल्या किती. यांच्या दोन. दोन खोल्यांत पाच माणसं. दांडिया बाजारातल्या वाड्यात माझं माहेर होतं, तिथे दीड खोलीत आम्ही सात, एकच खिडकी, तीही जिन्याकडे उघडणारी, त्यामुळे तो आकडा बघून मी जरा वेळ तशीच बसले.

१८७१ ला मात्र त्याच्या नावापुढे जॉइनर, तीन माणसं आणि एक मुलगा कामाला. म्हणजे दहा वर्षांत मास्टर झाला होता. (त्या काळच्या जनगणनेत मालकाने हाताखाली किती माणसं ते सांगायचं होतं, कारागीर शोधणाऱ्याला ही ओळ सोन्यासारखी.) त्यात एक आठ वर्षांचा मुलगा होता, म्हणजे जन्म १८६३ च्या सुमाराचा, त्याचं जन्माचं पान घेतलं आणि त्यावर आईबापांच्या लग्नाची तारीख आली, १८५३. ज्याचा शोध आहे त्याच्या कागदात अडलं तर भावंडांचा कागद उघडायचा, ही युक्ती लक्षात ठेवा.

आणि मग रात्री झोपताना डोक्यात आलं, थोरली मुलगी १८६१ ला ६ वर्षांची आणि १८७१ ला १६ ची. म्हणजे जन्म १८५४ चा किंवा १८५५ च्या सुरुवातीचा. आता १८५५ हे साल असं आहे की पहिल्या वर्षी सरकारने उत्साहाने फार जास्त विचारलं होतं, आईबापांची वयं, त्यांची जन्मगावं, लग्न कुठे कधी, आधीची मुलं किती आणि त्यातली जिवंत किती. नोंदणी करणाऱ्यांना ते झेपेना म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. म्हणजे ही पोरगी डिसेंबर १८५४ ला जन्मली असेल तर चर्चच्या वहीत एक ओळ, आणि जानेवारीनंतर जन्मली असेल तर अख्खा खजिना. सकाळी चहाच्या आधी लॅपटॉप उघडला. फेब्रुवारी १८५५! बापाचं वय २७, धंदा राइट, जन्मगाव किलबार्खन. आई २५, पेझलीचीच. आधीचं मूल कुणी नाही. मी ह्यांना उठवलं.

किलबार्खन हे पेझलीजवळचं विणकरांचं गाव, तिथे १७२३ साली बांधलेलं एका विणकराचं घर अजून नीट जपून ठेवलंय, नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे, लेक म्हणाली पुढच्या वेळी आलीस की जाऊ. १८४१ च्या जनगणनेत तिथे हे घर सापडलं. १८४१ वाचताना जपून, १५ वर्षांच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ४० लिहिलंय तो ४४ चाही असेल, आणि जन्मगाव लिहीत नाहीत, फक्त याच काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, का एवढंच. बापाच्या नावापुढे एच एल डब्ल्यू अशी तीन अक्षरं. हॅन्ड लूम वीव्हर, हातमागवाला. आणि १४ वर्षांच्या मुलापुढे राइट, आणि त्याला लागून ए पी. अप्रेंटिस. विणकराचं पोर, आणि बापाने सुताराकडे उमेदवारीला ठेवलेलं. त्या दशकांत हातमागवाल्यांचे हाल चालू होते, यंत्रमाग आले होते, मजुरी उतरत होती. बापाने मागाऐवजी रंधा हातात दिला. त्याने तो का दिला ते कुठल्या कागदात लिहिलेलं नाही, पण शेजारच्या घरांची नावं त्याच पानावर आहेत आणि त्यातल्या बहुतेकांपुढे तीच तीन अक्षरं आहेत, ती वाचत खाली गेलं की कळतं.

१८५५ च्या आधीच्या नोंदी चर्चच्या, त्यांना ओल्ड पॅरिश रजिस्टर म्हणतात, सर्वांत जुनं १५५३ चं. तिथे मन तयार ठेवा. काही वह्या गहाळ, काहींत एकच ओळ. १७८३ ते १७९४ नोंदीला तीन पेन्स कर होता, बऱ्याच जणांनी नोंदवलंच नाही. १८४३ ला चर्चमध्ये मोठी फूट पडली, जे बाहेर पडले त्यांची मुलं या वह्यांत सहसा मिळत नाहीत. आमचं नशीब चांगलं, १८५३ च्या लग्नाच्या घोषणेत राइट इन पेझली असं स्पष्ट, आणि १८२७ च्या बाप्तिस्म्यात बाप वीव्हर, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट. मृत्यू १८८९. इथे एक पान चुकीचं घेतलं, नाव वय तेच पण तो जोडे शिवणारा. दुसरं बरोबर लागलं, जॉइनर, मास्टर, खबर देणाऱ्याच्या जागी पॅटर्नमेकर मुलाचं नाव आणि पुढे दोन शब्द, मुलगा, हजर. बाप गेला तेव्हा मुलगा जवळ होता एवढं त्या दोन शब्दांत कळतं.

त्यांची नावं ठेवायची रीतही शोधात मदत करते. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव द्यायचे तसंच. १८५८ च्या मुलाचं नाव बघून मी वहीत आधीच लिहिलं होतं की किलबार्खनच्या विणकराचं नाव हेच असणार, आणि तेच निघालं. अर्थात रीत सगळे पाळत नव्हते, तिच्यावरून अंदाज करायचा, पुरावा कागदाचाच.

तुमचा कारागीर ग्लासगो, एडिनबरा, अबर्डीन, डंडी, पर्थ अशा शहरांतला आणि १८४६ च्या आधीचा असेल तर अजून एक मोठं दार उघडं आहे. तिथे धंद्यांच्या पंचायती होत्या, ग्लासगोत १४, त्यांची मिळून ट्रेड्स हाउस ही संस्था १६०५ पासूनची. आपले बारा बलुतेदार आठवा, पण शहरातले आणि स्वतःची तिजोरी, स्वतःचा प्रमुख असलेले. शहराचा बर्जेस, म्हणजे धंदा करायचा हक्क असलेला नागरिक, झाल्याशिवाय तिथे दुकान मांडता यायचं नाही, आणि बर्जेस व्हायचे रस्ते म्हणजे बर्जेसचा मुलगा असणं, त्याच्या मुलीशी लग्न करणं, उमेदवारी पुरी करणं किंवा पैसे भरणं. म्हणजे नोंदीतच लिहिलेलं असतं की हा अमक्याचा मुलगा किंवा अमक्याचा जावई. एडिनबरा आणि ग्लासगोच्या बर्जेसच्या याद्या छापलेल्या आहेत. १८४६ च्या कायद्याने ही मक्तेदारी गेली. आमचा माणूस त्या सुमाराला उमेदवारी संपवत होता, त्यामुळे मला हे लागलं नाही, पण तुमचा जुना असेल तर इथे आधी बघा.

फुकटातलं एक सांगायलाच हवं, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची साइट. १७७३ ते १९११ पर्यंतच्या सातशेच्या वर जुन्या शहर-डिरेक्टऱ्या तिथे आहेत, धंद्याप्रमाणे नावं आणि पत्ते. शिवाय जुने शहर-नकाशे इतके बारीक की प्रत्येक इमारत वेगळी दिसते. १८७५ चा व्हॅल्युएशन रोल घेतला होता, २ क्रेडिटवाला, त्यात वर्कशॉप आणि मागचं अंगण भाड्याने याच्या नावावर होतं. तो रस्ता नकाशात काढला, एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला आजचा असा ठेवता येतो. जावई शनिवारी गाडी घेऊन तिथे जाऊन आला, आता पार्किंग आहे. त्याने तिथे उभं राहून व्हिडिओ कॉल केला, नातू मागे पळत होता. आणि रंध्यावरचं ते दुसरं, झिजलेलं नाव? विहीणबाईंनी भिंग लावून फोटो पाठवला, मी पेझलीच्या एका जुन्या डिरेक्टरीत राइट आणि जॉइनरच्या यादीत बोट फिरवत गेले आणि तिथे ते नाव होतं. रंधा आधी त्याचा. याच्याकडेच उमेदवारी केली का ते सिद्ध होत नाही, मी तसं लिहूनही ठेवलेलं नाही, पण हत्यार एका सुताराकडून दुसऱ्याकडे आलं एवढं पक्कं.

शेवटी मनातलं. आमचा कुलवृत्तांत मोठा आहे, चौदा पिढ्या, नाशिकच्या उपाध्यांच्या नामावळ्या बघून केलेला, मला त्याचा अभिमान आहे. पण त्यात माझ्या आजेसासूबाईंच्या सासूबाईंच्या नावापुढे लिहिलंय, माहेरचे नाव ज्ञात नाही. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, आणि ती कोण होती ते कुणाला सांगता येत नाही. सनदा, इनाम, नोकऱ्या सगळं आहे, तिचं नाव नाही. आणि इकडे दोन खोल्यांत राहणाऱ्या सुताराच्या बायकोचं माहेरचं आडनाव मुलांच्या जन्माच्या, लग्नाच्या कागदांवर आहे, दर वेळी. स्कॉटलंडात लग्नानंतरही कायद्याच्या कागदात बाईचं माहेरचं आडनाव राहायचं. विहीणबाईंना मी सगळं छापून, फाइल करून पाठवलं, त्यांनी फोनवर त्या चार बायकांची आडनावं एकेक करून मोठ्याने वाचली. आता मी आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून माहेरची नावं विचारून वहीत उतरवतेय, जी मिळतील ती.

माझ्या अकाउंटमध्ये ४ क्रेडिट उरलीयत, पानाला ६ लागतात. पेन्शन आली की अजून ३० घेणार, कारण १८८४ च्या लग्नातल्या त्या शाल विणणाऱ्याचं घर अजून उघडलेलं नाही, आणि नातवाने विचारलंय की त्याने विणलेल्या शालींवर आजीच्या साडीसारख्या कोयऱ्या होत्या का.